भिंत एक, बिऱ्हाडं दोन: घराला लागून असलेली जागा भाड्याने देताना

आमच्या पुण्यातल्या बंगल्याच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून, सुमारे ३२० चौरस फुटांची एक जागा आहे. एक खोली, छोटा ओटा, न्हाणीघर-संडास आणि लिंबाच्या झाडाखाली उघडणारं दार. सासऱ्यांनी ती गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बांधून घेतली होती. ते गेल्यावर चार वर्षं तिथे जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या आणि दिवाळीचे आकाशकंदील पडून होते. गेली बारा वर्षं तिथे बिऱ्हाड असतं. आतापर्यंत पाच बिऱ्हाडं झाली. त्यातल्या दोघांच्या लग्नाला आम्ही घरचे म्हणून गेलो, आणि एकाशी सहा महिने बोलणं बंद होतं. या दोन्ही टोकांमधून जे कळलं ते इथे कामाच्या क्रमाने लिहिते आहे.

दुसरीकडचा फ्लॅट भाड्याने देणं वेगळं आणि हे वेगळं. फ्लॅटच्या भाडेकरूशी महिन्यातून एकदा बँकेच्या मेसेजपुरता संबंध येतो. इथे त्याच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजतो आणि आपल्या घरातली भांडणं त्याला ऐकू जातात. म्हणून माझं सांगणं एकच आहे: जे जे वेगळं करता येतं ते माणूस राहायला यायच्या आधी वेगळं करा. दार, पाणी, वीज, कपड्यांची दोरी, कागद, सगळं. हे आधी झालं की शेजार आपसूक चांगला राहतो. मागाहून वेगळं करायला गेलं की त्यात माणूस दुखावतो.

भाडेकरू जागा बळकावेल ही भीती

घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडी गोठली आणि वाड्यांतली बिऱ्हाडं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली. पुढे १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवाना तत्त्वावर (म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर, भाडेकरूचे हक्क न देता नुसती राहायची परवानगी) जागेत राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ‘अकरा महिन्यांसाठी दिली आणि जागा गेली’ असं सांगणारी एक पिढी होती, ती या अनुभवातून आली.

आजचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची असते. सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली अशा अर्जांसाठी नेमलेला अधिकारी) अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागू शकतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर त्याला अर्जाला विरोधही करता येत नाही. हे सगळं संरक्षण करार लेखी आणि नोंदवलेला असेल तर हाताशी राहतं. शंभराच्या स्टँपवर सह्या करून कपाटात ठेवलेला कागद इथे कामाला येत नाही.

जागा खरंच देण्याजोगी आहे का

आधी नकाशा काढा. मागची खोली मंजूर नकाशात आहे का, पूर्णत्वाच्या दाखल्यात आहे का, मालमत्ता कराच्या बिलात तिचं क्षेत्र धरलेलं आहे का, हे तिन्ही पाहा. बंगल्याच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेत पत्रा टाकून केलेली खोली किंवा पार्किंगचं केलेलं स्वयंपाकघर भाड्याने दिलं, तर पहिल्या तक्रारीला महापालिकेची नोटीस येऊ शकते आणि भाडेकरूही अडचणीत येतो. प्लॉट गृहनिर्माण संस्थेचा किंवा लीजवरचा असेल तर त्याच्या अटी वाचा आणि संस्थेला लेखी कळवा.

मग एक पावसाळा जाऊ द्या. लागून बांधलेल्या खोलीत गळतीची जागा जवळजवळ ठरलेली असते: नवा स्लॅब जुन्या भिंतीला जिथे टेकतो तो सांधा. दोन बांधकामांचे पाये वेगळ्या वेळी आणि वेगळ्या प्रमाणात खचतात, सांध्याला केसासारखी भेग पडते आणि पाणी तिथून उतरतं. आमच्याकडे दोनदा वरून गिलावा करून घेतला, दोन्ही वेळा पुढच्या जूनमध्ये तीच ओल. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी सांधा खरवडून, त्यात लवचीक सीलंट भरून, वर पाणी बाहेर लोटेल असा उतार काढून दिला. तेव्हापासून भिंत कोरडी आहे.

मधलं दार. अशा बहुतेक जागांना घरातून जाणारं एक दार असतं आणि ‘दोन्हीकडून कडी लावली की झालं’ असं आपल्याला वाटतं. आम्हालाही वाटलं. पहिल्या बिऱ्हाडात एका रुग्णालयात नर्स असलेली मुलगी होती. रात्रपाळी करून ती सकाळी झोपायची, आणि त्याच वेळी या दाराच्या अलीकडे आमचा मिक्सर सुरू व्हायचा. तिने वर्षभर एका शब्दाने तक्रार केली नाही. जागा सोडताना मात्र म्हणाली, “काकू, मला तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ झाल्यात.” त्या महिन्यात आम्ही ते दार काढून तिथे हलक्या ब्लॉकची भिंत घातली. दारच ठेवायचं असेल तर निदान दोन फळ्यांमध्ये आवाज शोषणारं रॉकवूल भरून घ्या आणि त्यांच्या बाजूला भिंतभर कपाट उभं करा.

पाण्यासाठी वेगळी टाकी हवी. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी दिवसाला १३५ लिटरचा निकष धरला तर दोन माणसांना २७० लिटर लागतं. ५०० लिटरची टाकी ठेवली तर एक दिवस पाणी आलं नाही तरी निभावतं. एकाच टाकीवर दोन घरं असली की पाणी संपल्यावर दोष कुणाचा यावर बोलणी होतातच. मोटर सामायिक असेल तर तिचं बटण कुठे आणि ती कोण चालवणार हे ठरवून टाका.

सांडपाण्याची परीक्षा सोपी आहे. त्यांच्या न्हाणीघरात दोन बादल्या पाणी एकदम ओता आणि कुणाला तरी आपल्या मोरीपाशी उभं करा. जाळीतून गुडगुड आवाज आला किंवा पाणी वर आलं, तर दोन्ही लाइन एकाच तुंबलेल्या चेंबरवर आहेत. चेंबर साफ करून घ्या आणि त्याचं झाकण फरशीखाली गाडलेलं असेल तर मोकळं करा. रविवारी सकाळी ते शोधत फरशा फोडणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

आणि जीवाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत अजिबात नको. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आत अंघोळ करणारा माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. एक तर गिझर बाहेरच्या हवेशीर जागेत बसवा, नाही तर विजेचा घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे अर्थिंग तपासून घ्या आणि त्या भागासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवा. जुन्या बंगल्यांत मागच्या खोलीला वायर ओढून दिलेली असते, अर्थिंग नावापुरतंच असतं. परवानाधारक वायरमनकडून हे काम एका दिवसात होतं.

वीजबिल: सगळ्यात जास्त कुरबुरीचा विषय

शक्य असेल तर महावितरणकडे त्या भागासाठी स्वतंत्र घरगुती जोडणीचा अर्ज करा. स्वतंत्र प्रवेश, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि नोंदवलेला करार असला की मागणी पटवून देणं सोपं जातं. बिल त्यांचं ते भरतात आणि हा विषय तिथेच संपतो.

तोवर सबमीटर (आपल्याच जोडणीवर त्यांचा वापर वेगळा मोजणारा छोटा मीटर) असतो, आणि खरी गाठ तिथे पडते. घरगुती वीजदर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरच्या टप्प्यातला दर जास्त. समजा आमचा वापर २१० युनिट आणि त्यांचा १२०. एकत्र झाले ३३०. म्हणजे ३० युनिट महाग टप्प्यात गेले. ते कुणाचे? आम्ही म्हणू शकतो तुमच्यामुळे गेले, ते म्हणू शकतात तुमच्यामुळे. शिवाय त्यांचा मीटर वेगळा असता तर त्यांना पहिले १०० युनिट स्वस्तात पडले असते.

मी वापरते तो हिशेब असा: बिलाच्या एकूण रकमेतून स्थिर आकार बाजूला काढायचा, तो मालकाचा. उरलेल्या रकमेला एकूण युनिटनी भागायचं आणि येणाऱ्या दराने त्यांच्या युनिटचे पैसे घ्यायचे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला दोन्ही मीटरचा फोटो आणि बिलाचा फोटो त्यांना पाठवायचा. आपण वीज विकत नाही, आलेला खर्च वाटून घेतो आहोत, हे त्यांना दिसलं पाहिजे. ‘युनिटला सरसकट बारा रुपये’ लावणारे मालक मी पाहिले आहेत. महिन्याला दीड-दोनशे रुपये जास्त मिळतात खरे, पण समोरच्याचा विश्वास कायमचा जातो.

भाडं आणि अनामत

आजूबाजूच्या तीन एजंटांना आणि दोन भाडेकरूंना विचारा. एजंटाचा आकडा थोडा वरचा असतो, राहणाऱ्याचा खरा. मग तेवढ्याच आकाराच्या फ्लॅटशी तुलना करा. सामायिक फाटक, लिफ्टची किंवा पहारेकऱ्याची सोय नसणं याने भाडं थोडं खाली येतं. अंगण, झाडं, शांतता आणि दुचाकी लावायला जागा याने ते वर जातं. मी बाजारापेक्षा पाचेक टक्के कमीच ठेवते. जागा एक महिना रिकामी राहिली की वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा गेला, शिवाय नवं माणूस शोधण्याची दगदग वेगळी.

अनामत दोन ते तीन महिन्यांची पुरते. ती खर्च करू नका, मुदत ठेवीत ठेवा. जागा सोडणाऱ्याला अनामतीसाठी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणावं लागणं हे मालकाला शोभत नाही.

कुणाला द्यावी

इथे मला थोडं मनापासून बोलायचं आहे. आपल्याकडे फोनवर पहिला प्रश्न ‘काम काय करता’ असा नसतो, आडनाव विचारलं जातं. आडनावावरून जात, जातीवरून ताटात काय असेल याचा अंदाज, आणि मग ‘जागा गेली हो’. माझ्या दाराशी आलेल्या एका मुलाने त्या दिवशी हे वाक्य चौथ्यांदा ऐकलं होतं. तो तीन वर्षं राहिला आणि सासूबाईंच्या हाडाच्या ऑपरेशनच्या वेळी दोन रात्री दवाखान्यात बसला. आपल्याला राहणीमानाचे प्रश्न पडत असतील तर ते सरळ विचारावेत. त्यासाठी आडनावाचा आडोसा लागत नाही.

लागून असलेल्या जागेसाठी माझे प्रश्न असे असतात: कामाच्या वेळा काय, रात्रपाळी असते का, किती जण राहणार, पाहुणे किती दिवस येतात, पाळीव प्राणी आहे का, गाडी किती, घरून काम असेल तर दिवसभर फोनवर बोलणं असतं का. आणि आपल्याबद्दलही तितकंच खरं सांगा. आमच्याकडे सकाळी साडेपाचला देवाची घंटा वाजते, गणपतीत दहा दिवस माणसांचा राबता असतो, कुत्रा अनोळखी माणसावर भुंकतो. हे ऐकून कुणी नको म्हणाला तर दोघांचाही वेळ वाचला. आधीच्या घरमालकाशी बोलायला विसरू नका. भाडं वेळेवर द्यायचा का, इतकंच विचारू नका. जागा सोडताना कशी सोडली, तेही विचारा.

मुलं अमेरिकेत किंवा जर्मनीत, आईवडील बंगल्यात एकटे, म्हणून ‘सोबतीला कुणीतरी असावं’ या विचाराने मागची जागा दिली जाते. विचार चांगला आहे. पण भाडेकरू म्हणजे बिनपगारी मदतनीस नव्हे. औषधं आणून देणं, रात्री हाकेला धावणं हे अपेक्षित असेल आणि त्याबदल्यात भाडं कमी करत असाल, तर काय काम आणि किती सवलत हे वेगळ्या कागदावर स्पष्ट लिहा. न बोललेली अपेक्षा दोन्हीकडे सलत राहते.

करार: वर्णनाच्या परिशिष्टाकडे सगळं लक्ष द्या

याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. मुदत कितीही असो, नोंदणी हवीच.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सोयीमुळे हे काम घरबसल्या होतं. मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणारे दोघं यांची आधार क्रमांक, फोटो आणि अंगठ्याचा ठसा देऊन पडताळणी होते. स्वतः करायचं नसेल तर अधिकृत सेवा पुरवठादार यंत्र घेऊन घरी येतो. घर ज्यांच्या ज्यांच्या नावावर आहे ते सगळे करारात मालक म्हणून हवेत. आमचं घर सासूबाई आणि नवऱ्याच्या नावावर आहे, त्यामुळे सगळा व्यवहार मी पाहत असले तरी सह्या त्यांच्या असतात. सहमालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्राची तयारी आधी करा, त्याला वेळ लागतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर, तर मुदतीतलं एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर. महिना १२,००० रुपये, मुदत ११ महिने, अनामत ४०,००० असेल तर भाडं झालं १,३२,००० आणि अनामतीवरचं धरलेलं व्याज साधारण ३,६६७. बेरीज १,३५,६६७, तिचे ०.२५ टक्के म्हणजे ३४० रुपयांच्या आसपास. भरताना संकेतस्थळ दाखवेल तो आकडा प्रमाण. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. सेवा पुरवठादार घेत असेल तर त्याचे पैसे वेगळे, ते आधी ठरवून घ्या.

आता मुद्द्याचं. आमच्या सुरुवातीच्या एका करारात मसुदा करणाऱ्याने कराच्या बिलावरून जागेचं वर्णन जसंच्या तसं उतरवलं: ‘प्लॉट क्रमांक अमुक, त्यावरील बंगला व सभोवतालचं आवार’. आम्ही न वाचता अंगठे दिले. दोन महिन्यांनी भाडेकरूने अंगणात स्वतःच्या दोन आणि भावाची एक अशा तीन दुचाक्या लावायला सुरुवात केली. हटकल्यावर त्याने करारच पुढे केला. तो कागदाप्रमाणे बरोबर होता. सहा महिन्यांच्या अबोल्याचं मूळ ते एक वाक्य होतं.

तेव्हापासून वर्णन मी स्वतः लिहून देते, असं: ‘वरील मिळकतीवरील मुख्य बंगल्याच्या दक्षिण बाजूस लागून असलेली तळमजल्यावरील एक खोली, स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर व शौचालय, एकूण सुमारे ३२० चौ. फूट, प्रवेश पूर्वेकडील बाजूच्या पायवाटेने. एका दुचाकीसाठी फाटकाच्या आत उजवीकडे जागा. गच्ची, पुढचं अंगण, मुख्य बंगला व त्यातील कोणताही भाग यात समाविष्ट नाही.’ सोबत हाताने काढलेला छोटा नकाशा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या.

बाकीच्या अटींत मी या गोष्टी पाहते:
- जागा फक्त राहण्यासाठी. क्लास, पार्लर, डबे यांपैकी काही सुरू करायचं असेल तर आधी बोलायचं, कारण वीजदर आणि करही त्याने बदलतात.
- राहणाऱ्यांची नावं, आणि सलग किती दिवसांपुढे पाहुणा राहिला तर कळवायचं.
- पाणी, वीज, इंटरनेट आणि कचऱ्याचे पैसे कोण भरणार.
- लहान दुरुस्ती कुणाची आणि मोठी कुणाची. माझी रेघ अशी: नळाचा वॉशर आणि बल्ब त्यांचा, गळती, वायरिंग, पंप आणि गिझर आमचा.
- सुरुवातीचा किती काळ कुणीच करार मोडायचा नाही, आणि त्यानंतर एक महिन्याची सूचना.
- मालकाने आत यायचं तर २४ तास आधी सांगून, आग किंवा पाणी फुटण्याचा प्रसंग सोडून.

ही शेवटची अट भाडेकरूसाठी आहे आणि ती आपण होऊन घाला. घर आपलं असलं तरी ती खोली आता त्याची आहे.

मुदत संपली की नवा करार करा. ‘चालू द्या, ओळखीचेच आहेत’ म्हणून कागदाशिवाय पुढे जाऊ नका. ११ महिन्यांनी दर वेळी धावपळ नको असेल तर दोन किंवा तीन वर्षांचा करून ठरावीक वाढ त्यातच लिहिता येते. ऑनलाइन सोय ६० महिन्यांपर्यंतच्या करारासाठी आहे.

पोलिसांना माहिती

पुणे-मुंबईसारख्या ठिकाणी भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश पोलीस आयुक्त काढत असतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश मोडला तर गुन्हा मालकावर दाखल होतो. माहिती ऑनलाइन भरता येते, दहा मिनिटांचं काम आहे. पोच छापून कराराला जोडून ठेवा. राहायला येणारा परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते (पूर्वी यालाच ‘सी फॉर्म’ म्हणत), हे विद्यापीठाजवळ राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

कर

भाडं ‘घर मिळकतीचं उत्पन्न’ म्हणून दाखवायचं, आणि ज्याच्या नावावर घर आहे त्याच्या विवरणपत्रात. वर्षाचं भाडं १,४४,००० आणि त्या भागापुरता भरलेला मालमत्ता कर ४,००० असेल तर उरले १,४०,०००. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे ४२,०००. करपात्र राहिले ९८,०००. ही वजावट प्रत्यक्ष दुरुस्तीवर खर्च केला असो वा नसो, मिळते. रंग-डागडुजीची बिलं वेगळी लावता येत नाहीत. मालमत्ता कराची विभागणी क्षेत्रफळाच्या प्रमाणात करा आणि तो आकडा लिहून ठेवा. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही थोडं असलं तरी भाडेकरूला त्यातून करकपात करावी लागते. त्याला हे आधी सांगा, अनेकांना माहीत नसतं.

पुणे महापालिका राहत्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते. ती मालक स्वतः राहतो म्हणून असते, तेव्हा भाड्याने दिलेल्या भागाची नोंद बदलेल आणि कर वाढेल हे धरूनच भाडं ठरवा. घराचा विमा असेल तर एक भाग भाड्याने दिल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा.

राहायला येण्याचा दिवस आणि पुढे

सामान आत यायच्या आधी रिकाम्या खोलीचे फोटो काढा. भिंती, ओटा, नळ, दाराची कुलपं, पंखा, खिडक्यांच्या जाळ्या. सबमीटरचा आकडा फोटोत यायला हवा. वस्तूंची यादी दोन प्रतींत करून सह्या घ्या. एक जादा किल्ली पाकिटात घालून त्यावर दोघांची सही, आणि ते पाकीट आमच्या कपाटात. पाकीट फोडावं लागलं तर का फोडलं हे त्याच दिवशी फोनवर सांगायचं. बारा वर्षांत ते एकदाच फोडलं, नळ उघडा राहून पाणी दाराबाहेर आलं होतं तेव्हा.

पहिल्या आठवड्यात कपड्यांची दोरी ठरवा. हसू येईल इतकी लहान गोष्ट आहे, पण आमच्याकडे कुरबुरींपैकी निम्म्या दोरीवरूनच सुरू झाल्या. पावसाळ्यात ऊन एका बाजूलाच येतं आणि दोघांचे कपडे ओले असतात. आता त्यांच्या दाराजवळ छपराखाली वर-खाली होणारं वेगळं स्टँड बसवून दिलं आहे. सीसीटीव्ही असेल तर त्याची नजर फाटकावर असावी, त्यांच्या दारावर किंवा खिडकीवर नव्हे. बसवल्यावर त्यांना पडद्यावर दाखवून खात्री पटवा.

तक्रार असेल तर ती ज्या दिवशी आली त्याच दिवशी, आपल्या घरातल्या एकानेच, समोर बसून सांगावी. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं टोकलं की भाडेकरूला पाच मालक होतात. आमच्याकडे बोलायचं काम माझं. सासूबाईंना काही खटकलं तर त्या मला सांगतात.

भाडं थकलं तर आधी विचारा काय झालं. पगार लांबलेला असतो, घरी आजारपण असतं. दुसरा महिनाही गेला तर लेखी सूचना द्या आणि वकिलाचा सल्ला घ्या. वीज किंवा पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यांतलं काहीही करू नका. भाडे नियंत्रण कायद्यात अत्यावश्यक सोयी तोडण्याविरुद्ध स्वतंत्र कलम आहे, आणि असं केलं की कागद आपल्या बाजूने असूनही आपणच आरोपी होतो. मार्ग सक्षम प्राधिकाऱ्याचाच.

जागा सोडताना

शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी दोघांनी मिळून खोली फिरून पाहा, म्हणजे काही दुरुस्त करायचं असेल तर त्यांना वेळ मिळतो. भिंतीचा रंग उडणं, खिळ्याची दोन भोकं, नळावरचे क्षारांचे डाग ही राहण्याची झीज आहे, तिचे पैसे कापू नयेत. फुटलेलं बेसिन किंवा जळलेला ओटा हे नुकसान, त्याचं कोटेशन दाखवून कापावं. बिलं मिटवा, मीटरचा शेवटचा आकडा दोघांनी पाहा, गॅसची जोडणी त्यांच्या नावावर असेल तर ती हलवल्याची खात्री करा. मुदतीआधी जागा सोडत असतील तर करार संपल्याचा कागद करून त्यावर सह्या घ्या.

किल्ल्या हातात आल्या की अनामत त्याच दिवशी, ते समोर असताना, बँकेतून पाठवा आणि त्यांच्या फोनवर मेसेज आल्याचं पाहूनच उठा. पुढचं बिऱ्हाड यायच्या आधी दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदला आणि टाकी धुऊन घ्या.